पाचवा शनिवार

जन्मदाखल्याची झेरॉक्स हवी होती, पोहण्याच्या स्पर्धेच्या फॉर्मला जोडायला. मी इस्त्री करत होते, म्हणून लेकीलाच म्हटलं, कपाटात खालच्या कप्प्यात निळी फाइल आहे, त्यात बघ. निळ्या फाइली दोन आहेत हे तेव्हा डोक्यात आलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ती काही बाहेर येईना. जाऊन पाहिलं तर जमिनीवर फतकल मारून बसलेली, मांडीवर आमच्या घटस्फोटाचा आदेश, आणि ओळीखाली बोट धरून वाचन चाललेलं, शाळेत धडा वाचतात तसं. माझ्या पोटात धस्स झालं. पण हिसकावून घ्यायची वेळ टळून गेली होती. तिने मान वर केली. "आई, यात 'सदर अज्ञान मुलगी' लिहिलंय, ती मी?" मी हो म्हटलं. "मी अज्ञान?" कायद्यात अठराच्या आतल्या सगळ्यांना तसंच म्हणतात, असं मी काहीतरी पुटपुटले. तिला ते पटलेलं दिसलं नाही, पण तिचा खरा प्रश्न वेगळाच होता. "आणि पाचव्या शनिवारचं काय?"

ती ओळ मला पाठ आहे. पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सदर अज्ञान मुलगी सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत वडिलांकडे राहील. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी ती आईकडे राहील. पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी. पोरीने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं, मे २०२६ चं पान उघडलं आणि दोन, नऊ, सोळा, तेवीस असं मोजत तीसवर बोट टेकवलं. बाबाचे शनिवार ती हिरव्या स्केचपेनने रंगवते, माझे केशरी. तीस तारीख कोरी होती. "हा कुणाचा?" मी म्हटलं, "माझाच की. दर वेळी इथेच असतेस ना?" "पण लिहिलेलं नाहीये." मग जरा थांबून, अगदी व्यवहाराच्या आवाजात, "मग तो माझा का?"

बाहेरच्या खोलीतून करपल्याचा वास आला. ओढणीवर इस्त्रीचा त्रिकोण उमटला होता.

मी हिशेबाच्या कामातली बाई आहे. दुसऱ्यांच्या ताळेबंदातला दहा पैशांचा फरक शोधायला मी रात्र घालवलेली आहे. तेव्हा पाचवा शनिवार माझ्या नजरेतून सुटला असेल, यावर माझ्या ऑफिसात कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि तो सुटला नव्हताच. आदेश हातात आला डिसेंबर २०२० मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात, ३० जानेवारीला, तो उभा राहिला. मी पाहिला. तिच्या बाबालाही दिसला असेल का याचा अंदाज घेत दोन दिवस फोनकडे बघत बसले. फोन आला नाही. मी गप्प राहिले. तेव्हापासून असे बावीस शनिवार झाले. २०२२ हे वर्ष तर शनिवारीच सुरू झालं आणि शनिवारीच संपलं, त्या वर्षात पाच आले. एरवी वर्षाला चार. बावीस दिवस मी कुणाला न विचारता खिशात घातले, आणि प्रत्येक वेळी स्वतःला सांगितलं की नियमाबाहेर मी काहीच करत नाहीये. ते खरंही होतं. सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो.

गंमत म्हणजे ती ओळ माझ्याच हट्टाने तशी झाली. वकीलबाईंनी पहिल्या मसुद्यात फक्त वडिलांचे दोन शनिवार लिहिले होते. मी म्हटलं, माझेही लिहा. त्या म्हणाल्या, "अहो, त्याचे सोडून उरलेले सगळे दिवस आपोआप तुमचेच. लिहायची गरज काय?" पण तेव्हा मला आपोआप काही नको होतं. सगळं शाईत हवं होतं. आपण नुकतेच एका मोठ्या, न लिहिलेल्या भरवशातून बाहेर पडलेलो असतो. मग माणूस कागदाला फार चिकटतो. कन्सेंट टर्म्सच्या, म्हणजे दोघांच्या संमतीने अटी ठरवायच्या, त्या तीन बैठका मला आठवतात. संध्याकाळी सहा की सात यावर पाऊण तास गेला. वाढदिवस आलटून पालटून, मोठ्या सुट्टीची दोन समान भागांत वाटणी, ताप आला तर भेट रद्द नाही, पुढे ढकलायची, परदेशी न्यायचं तर दुसऱ्याची लेखी परवानगी. समुपदेशकबाई चष्मा कपाळावर चढवून सगळं लिहून घेत होत्या. त्यांच्या टेबलावर काचेखाली एक छापील कॅलेंडर होतं. आम्ही चौघं त्या काचेवर कोपरं टेकून भांडलो, आणि खाली कुणी पाहिलं नाही.

त्या दिवसांतलं एक वाक्य मात्र अजून खुपतं. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६. त्यात म्हटलंय की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. लेक तेव्हा पावणेपाच वर्षांची. वकीलबाईंनी तिची जन्मतारीख लिहिली, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाल्या, "तीन महिने आहेत हातात. पाचाच्या आत उरकलेलं बरं." त्या माझ्याच भल्याचं बोलत होत्या. मीही मान डोलावली. घरी आले तर पोर आरशासमोर उभी राहून हलणारा दात दाखवायला आली, बघ मी मोठी झाले म्हणून. तिने इतक्यात मोठं होऊ नये असं मला वाटत होतं, आणि सगळ्याच आयांना वाटतं तसं ते नव्हतं.

ताबा. हा शब्द मी आयुष्यात किती वेळा लिहिला असेल. सदनिकेचा ताबा, गाळ्याचा ताबा, तारण ठेवलेल्या मशीनचा ताबा. त्याच रकान्यात आता मूल. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच एका निकालात म्हटलं होतं की मुलं ही आईबापांची जंगम मालमत्ता नव्हेत, खेळणीही नव्हेत, आणि त्यांच्या ताब्याचे आदेश कायमचे दगडावरची रेघ नसतात. परिस्थिती बदलली की बदलता येतात. विचार केव्हाच पुढे गेला, शब्द मात्र गोदामात राहिला. इतर देशांनी निदान शब्दांशी झटापट केली. इंग्लंडने १९८९ च्या कायद्यात ताबा आणि भेट हे जुने शब्द काढून मूल राहणार कुठे आणि संपर्क कसा ठेवणार अशी भाषा आणली. २०१४ मध्ये तीही बदलली, आता नुसतं मुलाच्या व्यवस्थेबद्दल बोलतात. जर्मनीत १९८० पर्यंत आईबापांच्या हक्काच्या नावात 'सत्ता' होती, मग तिथे 'काळजी' आली. कॅनडाच्या घटस्फोटाच्या कायद्यात २०२१ पासून ताब्याऐवजी पालकत्वाचा वेळ आणि निर्णयांची जबाबदारी असे शब्द आहेत. शब्द बदलून माणसं बदलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी वाटतं, त्या काचेच्या टेबलावर 'ताबा कुणाचा'ऐवजी 'काळजी कुणाची' असा प्रश्न आला असता, तर पाऊण तास सहा-सातवर घालवताना निदान एकाला तरी लाज वाटली असती. बहुधा मला.

एखाद्या शब्दावर केवढं अडून राहतं याचं एक उदाहरण माझ्या कामामुळे मला आधीपासून माहीत होतं. त्याच १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून वडील, आणि 'त्यांच्यानंतर' आई असं लिहिलंय. एका लेखिकेने मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, पालक म्हणून स्वतःची सही केली, आणि बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की 'नंतर' याचा अर्थ वडील गेल्यानंतर एवढाच घेऊ नये. वडील प्रत्यक्ष काळजी घेण्याच्या स्थितीत नसतील तर ते हयात असतानाही आई पालक होऊ शकते. म्हणजे आईची सही चालावी म्हणून एका 'नंतर'ला एवढं ताणावं लागलं. आणि त्याहून जुनी गोष्ट घ्यायची तर इंग्लंडमध्ये १८३९ पर्यंत वेगळ्या झालेल्या बाईला मुलं नुसती बघायला मिळावीत असा अर्जसुद्धा कायद्याने करता येत नव्हता. कॅरोलाइन नॉर्टन नावाच्या एका बाईची मुलं नवऱ्याने नेली. तिने पत्रकं लिहून, खासदारांच्या मागे लागून तो कायदा घडवायला लावला: सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा, मोठ्यांची भेट, असं आईला मागता येऊ लागलं. हे वाचलं तेव्हा मी तिच्या बाजूने रडले. रडता रडताच मनात आलं, माझ्या घरात मुलं नेणारा नवरा कोण आणि दारात उभी राहणारी बाई कोण?

कारण दारात तोच उभा असतो. पहिल्या-तिसऱ्या शनिवारी पावणेदहाला खाली येऊन थांबतो, वर येत नाही. मी वरून तिला सोडते, तो खालून घेतो, मध्ये तीन मजल्यांचा जिना. तो जिना उतरायला तिला फार वेळ लागतो. सुरुवातीला मला वाटायचं ती रेंगाळते कारण तिला जायचं नाही. तसं मी एकदा वकीलबाईंना मोठ्या समाधानाने सांगितलंही होतं. मग एका शनिवारी छत्री विसरली म्हणून मी मागोमाग उतरले, तर ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसलेली. बूट काढून पुन्हा घालत होती. लेस सुटलेली नव्हती. माझ्याकडे बघून दचकली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "दोन मिनिटं बसते इथे." संध्याकाळी येतानाही ती तिथे बसते, हे मला शेजारच्या आजींकडून कळलं. येतानाही! त्याआधी मी तिच्या रेंगाळण्याचा माझ्या सोयीचा अर्थ लावून मोकळी झाले होते. त्या पायरीवर तिला बाबाची मुलगीही व्हायचं नसतं आणि माझीही. काखेतली पिशवी बाजूला ठेवलेली असते. आमच्या चार पानांत त्या पायरीचा उल्लेख नाही.

मुलाचं ऐकावं, असं कायदा पूर्वीपासून म्हणतो. पालक आणि पाल्य कायदा १८९० सालचा. त्यातसुद्धा आहे की मूल समजून पसंती सांगण्याएवढं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. पुढे १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार झाला. त्याच्या नवव्या कलमात, दोघांपासून किंवा एकापासून वेगळं राहावं लागणाऱ्या मुलाला दोन्ही पालकांशी नियमित संबंध ठेवायचा हक्क आहे, त्याच्या हिताला बाध येत नसेल तर. मला हे कलम कळायला वेळ लागला, कारण मी त्यात माझा हक्क शोधत होते. तो तिथे नाहीच. भेटीचा हक्क म्हणून आम्ही दोघं जे ओढत होतो, ते मुळात तिचं होतं. भारतानेही १९९२ मध्ये तो करार मान्य केला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्या पालकाकडे मूल नाही, त्याला रोज पाचदहा मिनिटं तरी मुलाशी बोलता आलं पाहिजे. हे आमच्या घरी आधीपासून चालू होतं, रात्री साडेआठला. ते बोलणं मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत असे, टीव्हीचा आवाज बारीक करून. आता नाही ऐकत. म्हणजे कमी ऐकते.

आदेशाआधी न्यायाधीश तिला एकदा आपल्या खोलीत एकटीला भेटले होते. मी आणि तो बाहेर बाकड्याच्या दोन टोकांना. समोर मुलांसाठीची खोली, भिंतीवर रंगवलेला जिराफ, खाली तीन चाकांची मोटार. चौथं चाक कुणीतरी दोऱ्याने टपाला बांधून ठेवलं होतं, हरवू नये म्हणून. ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, काय बोललात? "त्यांनी विचारलं आवडता प्राणी कोणता." आणखी? "आणखी सांगायचं नाही असं ठरलंय." हे तिने साहेबांशी ठरवलं होतं की स्वतःशीच, मला आजवर कळलेलं नाही. पुढचे काही दिवस मी गोडीगुलाबीने काढून घ्यायचा प्रयत्न केला, तोही करत असणार. तिने दोघांनाही दाद दिली नाही. पावणेपाच वर्षांची अज्ञान मुलगी.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे आमचं भांडण झालं नाही. पोटगी महिन्याच्या महिन्याला येते. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या मुलाची येत नाही, म्हणून तिने मुलाला बापाकडे पाठवणं बंद केलं, आणि उलटं तिलाच ऐकून घ्यावं लागलं, कारण पैसे थकले म्हणून भेट अडवता येत नाही आणि भेट अडली म्हणून पैसे थांबवता येत नाहीत. दोन्ही वेगवेगळी खाती. ऐकायला क्रूर वाटतं, पण हिशेबनीस म्हणून मला ते पटतं. एका खात्यातलं देणं दुसऱ्या खात्यात वळतं केलं की पुढे काहीच जुळत नाही.

आणि बरोबर अर्धं करून टाकावं, असं म्हणणारेही भेटतात. दोन दिवस इकडे, दोन तिकडे, मग तीन, किंवा आठवडा-आठवडा. काही ठिकाणी तर मूल एकाच घरी राहतं आणि आईबापच पाळीपाळीने येऊन राहतात, चोचीत पिशवी धरून. बेल्जियमने २००६ मध्ये समान वाटणीचा विचार आधी करावा असा कायदा केला. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी जबाबदारी दोघांची सारखी असं गृहीत धरून सुरुवात करायचं ठरवलं, आणि २०२४ मध्ये ते गृहीतक काढूनही टाकलं, कारण सारखी जबाबदारी म्हणजे सारखे दिवस असाच अर्थ लोक लावून बसले. मला यात हसू येतं ते वेगळ्या कारणाने. ३६५ ला दोनने भाग जात नाही. बावन्न आठवडे केले तर ३६४ होतात, एक दिवस उरतोच. कसाही मांडा, उरतो.

दोन रात्री मी त्या उरलेल्या दिवसाशी झगडले. वकीलबाईंना फोन केला तर त्या हसल्या. म्हणाल्या, "दुरुस्तीचा अर्ज देता येईल. पण दोघांना मान्य असेल तर एकमेकांना लिहून कळवा आणि मोकळ्या व्हा. यासाठी कोर्टात कशाला?" लिहून कळवा. सहा वर्षांत आमच्या मेसेजेसमध्ये 'पोचली', 'निघाली', 'ताप ९९', 'औषध पिशवीत आहे' यापलीकडे काही नाही. मी लिहिलं: ३० तारखेला पाचवा शनिवार आहे. आदेशात त्याचा उल्लेख नाही. आजपर्यंत ती माझ्याकडे राहिली. पुढचं तिला विचारून ठरवूया का? तीन वेळा वाचलं, 'आजपर्यंत'चं वाक्य काढलं, परत घातलं, पाठवलं. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर रात्री अकराला आलं. "माहीत आहे. पहिल्याच जानेवारीत बघितलं होतं. मागितला असता तर तू तिसरा काढून घेशील अशी भीती वाटली. विचारू तिला."

म्हणजे बावीस शनिवार तोही मोजत होता.

तिला विचारलं. आम्ही दोघांनी, फोन स्पीकरवर टाकून, समारंभ असल्यासारखं. ती नखं खात ऐकत राहिली आणि म्हणाली, तिच्या मैत्रिणीकडे मांजरीला पिल्लं झालीत, तिला दिवसभर तिकडे जायचंय. एवढंच. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढ्या मोठ्या मनाने दिलेला दिवस, आणि त्याचं असं काहीतरी. तिकडून तो नुसतं "हं" म्हणाला. त्या हुंकारात काय असतं ते मला बारा वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. त्यालाही आला होता.

तीस तारखेला सकाळी दहाला मी तिला मैत्रिणीकडे सोडलं. जिना ती दडदड उतरली, मध्ये बसली नाही. घरी येऊन मी कपाट आवरलं, दोन्ही निळ्या फाइलींवर चिठ्ठ्या चिकटवल्या, त्रिकोण पडलेली ओढणी फडक्यासाठी कापली. दुपार संपता संपेना. सहाला फोन वाजला. त्याचा. सहाची वेळ ही आमच्या हाडात बसलेली आहे. दर पहिल्या-तिसऱ्या शनिवारी ती जिना चढून येईपर्यंत तो खाली उभा असतो आणि मग फोन करतो.

"पोचली का?"

"नाही अजून. साडेसात म्हणाली होती."

"बरं."

फोन ठेवायचा आवाज आला नाही. त्याच्याकडे मागे कुठेतरी पंखा फिरत होता.

"तिचा पोहण्याचा चष्मा तुझ्याकडे राहिलाय का?" मी विचारलं. "सोमवारी सराव आहे."

"बघतो," तो म्हणाला, आणि ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.